तीन मणी जास्त

स्फॅक्सच्या प्रयोगशाळेत दुपारी आम्ही पंखा बंद ठेवतो,
पिपेटमधला थेंब हलू नये म्हणून.
नमुना एकसष्ट बर्फातून काढते.
मब्रूका, वय बावन्न, कैरुआनची, गालिचे विणणारी.
नाव मला ठाऊक असायला नको,
पण रक्त मीच घेतलं होतं.
मूठ वळा म्हटल्यावर
तिनं आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
जशी किल्ली मी हरवली होती.

"सकाळचे दोन तास हे हात माझे नसतात.
दहानंतर येतात परत, रुसलेल्या जावयासारखे."
गाठ मारायला अंगठा लागतो,
कुसकुस वळायला तळवा.
यंदा वर्षाचं कुसकुस सुनेनं वळलं, जाडंभरडं,
आणि ही गच्चीवर मिरच्या उलटत बसली, उन्हात.
डॉक्टर म्हणाले, ड जीवनसत्त्व कमी आहे.
तिला हसू आवरेना.
"कैरुआनला ऊन कमी?"

ऊन कमी नाही, मब्रूका.
ते दारापर्यंत येतं, कडी वाजवतं,
आतल्या पेशीला ऐकू जावं लागतं.
ऐकणारं प्रथिन एका जनुकात लिहिलेलं.
त्यात एक अक्षर बदललं
की वाचन जरा अलीकडून सुरू होतं,
तीन मणी जास्त ओवले जातात
आणि कान थोडा जड होतो.
एवढंच.
मग पहारेकऱ्यांना "पुरे" कोण म्हणणार?
कुंपण शेत खातं
बोटांच्या पेरापेरांत.

निदान आमचा अंदाज असा.
कुणाला असं सापडतं, कुणाला नाही,
आणि आमचे सर प्रत्येक वाक्यात
"कदाचित" हा शब्द
मिठासारखा, बेतानं टाकतात.

निरोगी रक्त कमी पडलं तेव्हा
मीही बाही वर केली होती: एकशे चार.
आज जेलवर शेजारीशेजारी
एकसष्ट आणि एकशे चार,
दोघी एकाच जागी कापलेल्या.
यादी उघडायची नसते.
पण स्वतःचा आकडा
कोण विसरतं?

मूठ वळली. उघडली. पुन्हा वळली.
काही नाही.
सकाळीच हरिसाच्या बरणीचं झाकण
मी एका झटक्यात काढलं होतं,
लक्षही न देता.

नोंदवहीत लिहिलं: एकशे चार, निरोगी.
शाई वाळेपर्यंत
डाव्या अंगठ्यानं उजव्या हाताचं
एकेक पेर दाबून पाहिलं,
गालिचा उलटा करून
गाठी मोजतात तसं.