अकरा सेकंद

मोबाइलला मी मोजा घालते,
मुलाच्या शाळेचा, जोडी हरवलेला, टाचेला विरलेला.
खाडीवरचा वारा माइकात शिरला
की सगळं फुकट जातं.
दिवाळे गावच्या जेट्टीवर पहाटे पावणेसहाला
हात लांब करून उभी असते.
एकाने विचारलं, सिडकोचं माप घेताय का?
दुसरा काही न विचारता बाजूला सरकला.

महिनाभरात जमलं ते असं:
बर्फ फोडायच्या मशीनचं दातओठ खाणं,
ओल्या दोराचं खांबाला घासत कण्हणं,
टोपल्या आपटताना एकीची शिवी
आणि तिच्यामागून सगळ्याजणींचं हसणं.
आणि चांगुणाबाईचा कोयता, जिताड्याच्या खवल्यांवरून उलटा फिरणारा.
तो आवाज मिळाला त्या दिवशी
मी मासे न घेताच घरी आले.

सेक्टर अठ्ठेचाळीस, तिसरा मजला.
बाल्कनीत कपड्यांच्या दोरीखाली कॅनव्हास आडवा ठेवते,
त्याच्या पाठीला दोन स्पीकर,
तुर्भ्याच्या भंगारवाल्याने वजनावर दिलेले.
बर्फाला पांढरा लावत नाही,
तो मला जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखा ऐकू येतो.
दोराला गेरू. हसण्याला काय, ते अजून कळलेलं नाही.
आवाज सुरू केला की ओला रंग शहारतो,
दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो,
आणि मी ब्रश घेऊन
त्या सुरकुतीच्या मागे मागे जाते.

खालचे पाठारे काका बेल वाजवतात:
रोज रोज मासे कापता की काय?
वास तर येत नाही!

कोयत्याचा तुकडा मी लॅपटॉपवर साफ केला.
रिक्षाचा हॉर्न काढला, कुणाचा खोकला काढला,
मधल्या मोकळ्या जागा काढल्या.
दोन मिनिटं सलग खरखर, एकसारखी, सुरेख.
तेवढाच सलग रुपेरी रंग दिला,
वरपासून खालपर्यंत, कुठेही न उचलता.
स्वतःवरच खूश झाले.

मंगळवारी गिऱ्हाईक कमी असतं म्हणून
चित्र रिक्षात घालून तिच्याकडे नेलं.
चांगुणाबाईने हात पदराला पुसले,
कॅनव्हासला कान लावला,
गालाला थोडा रुपेरी लागला.
बराच वेळ ऐकून म्हणाली,
"ह्ये कोन कापतंय?"
तुम्हीच की.
"मी नाय गो. मी काय मशीन हाय?
गिऱ्हाईक भाव पाडतं तवा मी थांबतंय.
कोयता वर. त्याच्या तोंडाकं बघतंय.
तो गप झाला का मंग कापतंय."
आणि शेजारणीला हाक मारून सांगितलं,
"बग, हिनं माझा धंदा कापून टाकला."

मूळ फाइल कचऱ्याच्या डब्यात होती,
आणखी नऊ दिवसांनी कायमची गेली असती.
अकरा सेकंद.
बर्फाचं पाणी फरशीवर ठिबकतंय.
लांब कुठल्याशा टॉवरचा पाया ठोकला जातोय.
कुणीतरी चप्पल बदलून उभं राहतं.
मग गिऱ्हाईकाचा आवंढा,
आणि "बरं, द्या."

पण चित्रात जागाच नव्हती.
उलथन्याने खरवडलं, वीतभर.
रुपेरीच्या खालून पहिल्या दिवशीचा मातकट थर निघाला,
काय करायचं ते ठाऊक नसताना फासलेला.
त्यावर राखाडी लावून पाहिला, पुसला.
खाडीचा हिरवा लावला, तोही पुसला.
चौथ्या दिवशी उलथनं धुऊन जागेवर ठेवलं
आणि त्या रात्री पोळ्यांना तेच वापरलं.

काल सगळं जोडून लावलं.
कोयता फिरला, रुपेरी थरथरला,
आणि खरवडलेल्या जागेपाशी
सगळं उभं राहिलं.
मी मनात मोजत होते, सात, आठ...

बेल वाजली.
दारात पाठारे काका, बनियनवर, हातात वर्तमानपत्र.
"काय झालं?" म्हणाले, "थांबलात का?"