दोन नंबर

वीस वर्षं मी संत्री निवडते.
पट्ट्यावरून फळ येतं, हात आपोआप जातो.
चोपडं, घट्ट, देठासकट: एक नंबर.
सालीवर डाग, पण आत रस: दोन.
पोकळ, मऊ, बोट रुतेल असं: फेकीचं.
डोळे मिटून सांगीन मी फळाचं पोट.

वरूडच्या सोनोग्राफीवाल्यानं
तुमच्या पोटाला थंडगार काहीतरी चोपडून
यंत्र फिरवलं, आणि कागदावर आलं:
फॅटी लिव्हर, ग्रेड टू.
मी हसले. खरंच हसले.
म्हटलं, "म्हंजे दोन नंबरचा माल.
ज्यूसवाल्यापर्यंत तरी जाते."
तुम्ही नाही हसलात.

न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत गेली गोष्ट.
"लिव्हर? अन् उकंडराव? कधीपासून पेते?"
पोळ्याच्या करीलाही ज्यानं थेंब घेतला नाही
त्याच्या नावाची बाटली गावानं परस्पर फोडली.
मी सांगत फिरले, दारू नाही बावा, चरबी हाय,
शुगरवाल्याले होते.
निम्म्यांनी ऐकलं. निम्म्यांनी डोळे मिचकावले.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं नीट.
काळीज नाही, कलेजी, ही उजवीकडची.
साखरेची कोठी असते म्हणे ती,
दिवसा भरायची, रात्री लागेल तशी उघडायची.
तुमच्या कोठीत चरबी बसलीय पाय पसरून.
वर साखर उतरवायची गोळी.
"गोळी घेतली की जेवायचंच."
त्या तीनदा म्हणाल्या.
तुम्ही तीनदा मान डोलावलीत.

त्या आठवड्यात लाइन रात्री बाराची.
मालकाची बाग, मालकाची मोटर,
झोप तेवढी आपली.
गोळी घेतलीत. अर्धी भाकर टोपल्यात ठेवलीत,
"येतो अन् खातो."

अडीचला जाग आली. कशानं, माहीत नाही.
बॅटरी घेऊन निघाले.
मार्गशीर्षाची थंडी, दात वाजत होते माझे,
आणि तुमचा सदरा पिळून घ्यावा असा ओला.
बांधावर बसलेले. हात थरथरत.
"कोन वो तू? कमलबाई गेली काय?"
कमल तुमची बहीण. तिला जाऊन अकरा वर्षं झाली.
मग मला शिवी दिलीत,
बत्तीस वर्षांतली पहिली, चांगली घसघशीत.

साखर घरी. घर अर्ध्या कोसावर.
माझ्या पिशवीत तंबाखू, चुना, किल्ली.
आणि डोक्यावर लदलेला आंबिया,
यादीत लाल पेनानं काट मारलेला.

वरचं नाही तोडलं मी.
का, ते विचारू नका.
मालकाच्या एक नंबराला हात लागतच नाही.
अंधारात चाचपलं, गळालेलं सापडलं,
एका अंगानं पिचलेलं.
सोलत बसले नाही. दातानं फाडलं,
आधी थेंबभर ओठांवर, गिळता का पाहिलं,
गिळत होतात,
मग पिळलं.
दुसरं. तिसरं.
चौथ्याला तुम्हीच चोखायला लागलात
आणि बिया माझ्या तळहातावर थुंकल्यात,
आपला पोरगा थुंकायचा तशा.

किती वेळ गेला, मोजला नाही.
मग आवाज आला, तुमचा, ओळखीचा:
"अवो, मोटर चालू हाय का?"

चालू होती.
बाराला ज्या झाडाला पाणी लावलं
तिथंच पडत होतं अजून.
आळं फुटायला आलेलं, बुंधा बुडालेला,
आणि पलीकडच्या रांगेत, बॅटरीच्या उजेडात,
भेगा.

तुम्ही फावडं शोधायला उठू लागलात.
मी खांदा दाबून खाली बसवलं.
भाकर आणते, म्हटलं, तोवर हलायचं नाही.
निघता निघता
दांड मीच फोडला.