धुण्याचं पाणी

"हात विसर, ऑर्बेलिस.
हात शेवटी येतात,
जेवणाच्या वेळेला पोचणाऱ्या पाहुण्यासारखे.
आधी पाय."
एलिहिओ गुरुजी महिनाभर एवढंच सांगत होते.

कोन्सुएलोच्या साखर कारखान्यामागचं मैदान.
तिसऱ्या बेसच्या जागी पोत्याचा तुकडा,
पहिल्यापाशी बांधलेली शेळी.
चेंडू नव्हतेच. पाण्याच्या जारची निळी झाकणं
मी फेकायचो, तो झाडूचा दांडा फिरवायचा.
झाकण ऐनवेळी वळायचं.
दांडा नुसती हवा कापायचा.

"मागच्या पायावर बस, खुर्ची नसताना बसतात तसं.
पुढचं पाऊल हळू,
बाळ निजलेल्या खोलीत टाकतोस तसं.
आता मागची टाच उचल, गुडघा आत,
कंबर कसू नकोस रे, सोड, उघड,
आणि खांदे अजून मागेच.
त्या पिळात आहे सगळं."

पण तो सगळाच एकदम फिरायचा,
दार चौकटीसकट निखळावं तसा.

मग पट्ट्याला दोरी बांधली. मी ओढायचो.
घरी तो माझ्याशी बोलायचा नाही.
जुलैत मायामीचा माणूस येणार होता, हातात घड्याळ घेऊन,
आणि ऑर्बेलिसला सोळा पुरी होत होती.
अठराव्या वर्षी कोण विचारतं?

त्या संध्याकाळी आई
धुण्याचा टब घेऊन दारात आली.
काठोकाठ, साबणाचं राखाडी पाणी.
डावा पाय उंबऱ्याबाहेर टाकला,
कंबर वळली,
टब मात्र क्षणभर मागेच राहिला
(मी पाहिलं, मागेच राहिला)
आणि मग पाणी गेलं,
अंगण ओलांडून, रस्ता ओलांडून,
फ्रेडेसविंडाच्या कुंपणावर.

"परत फेक," ऑर्बेलिस म्हणाला.
"वेड लागलं? पाणी काय नळाला येतं?"
"एवढा टब. हात दुखत नाहीत?"
हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.
"हात कशाला दुखतील?
कंबर जाते. बावीस वर्षं जातेय."

त्यानं पिंपातलं उद्याचं पाणी काढलं.
पहिला टब स्वतःच्याच पायावर.
दुसरा शेळीवर.
आई शिव्या देत होती, एक हात पाठीला लावून,
आणि मधेच म्हणाली, "पाय आधी, गाढवा."
पाचव्याला रस्त्यापलीकडून फ्रेडेसविंडा ओरडली:
"नेरेइदा! आज काय दोनदा धुणं?"