आठ मीटर

रास अल हदच्या अलीकडे, नकाशात नाव नसलेलं गाव.
माझी रस्त्याची रेघ नेमकी कबरस्तानातून जात होती.
कडेला चार थडगी, इतरांपेक्षा तिरपी.

"विमानातले," मुबारक बिन जुमा म्हणाला.
"बापानं जाळं टाकून काढले. चार की पाच,
नीट मोजता आले नाहीत.
त्यांचा किब्ला कुठे, कुणाला ठाऊक?
मग डोकी ठेवली
विमान आलं त्या बाजूला."

मी होकायंत्र धरलं. वायव्य.
दोन-तीन अंश इकडेतिकडे.

खजूर आले ॲल्युमिनियमच्या ताटात,
काठाला रिव्हेटची भोकं, ओळीनं.
सत्तर वर्षं घासून घासून
पंखाचा पत्रा भांड्यासारखा वागायला शिकला होता.
बी कुठे टाकावी कळेना,
मुठीत धरून बसलो.

नावं विचारली.
"एकाच्या खिशात फणी होती.
तो फणीवाला.
बाकीचे त्याचे सोबती."

संध्याकाळी रेघ समुद्राकडे सरकवली, आठ मीटर.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: कठीण खडक.
साहेबानं न बघता सही केली.

तिथे तर नुसती वाळू.