एकोणचाळीस नंबर, रुंद

पणजीच्या काचेच्या दुकानात पोरगा म्हणाला,
मॅडम, प्युअर लेदर,
आणि खिशातून लायटर काढून
घोट्याजवळ ज्योत धरली.
जळलं नाही.
मी म्हटलं, मला बूट जाळायचे नाहीत.

बाजूला सोनेरी चेन,
टाच अशी, की चिऱ्यावर पहिलंच पाऊल टाकलं
तर घोटा शेजाऱ्याच्या हद्दीत.
तळ चिकटवलेला, डिंकाचा वास ताजा.
लेडीजमध्ये हेच आहे, तो म्हणाला,
मजबूत हवे तर जेन्ट्समध्ये बघा.

मी जमिनी मोजते.
बावीस वर्षं, सत्तरीत,
काजूच्या उतारांवर, कुळागरांच्या चिखलात,
दोन भावांमधल्या त्या चार हात जागेत
जिथे साप नसला तरी वकील असतो.
पाच जोड खाल्ले या कामाने.
एकाचा तळ म्हादईच्या पात्रात राहिला;
उरलेला दिवस पायाला पिशवी बांधून
मी नकाशा पुरा केला.

पायातली वहाण पायातच बरी, म्हणतात.
म्हणणाऱ्यांनी ती स्वतः
कधी निवडलेली दिसत नाही.

मग शुक्रवारी म्हापसा.
चवरिसांच्या माळा, मातीची भांडी,
त्यांच्या मागे तीन पायऱ्या उतरून बोनिफास.
त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही.
जुनी चप्पल उलटी करून टाच वाचली,
उजवीकडे कलतेस, म्हणाला.
तिपाई उजव्या खांद्यावर असते, मी म्हटलं.
हूं.

जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, निधनवार्तांचं पान,
त्यावर मला उभं केलं
आणि पेन्सिल पायाभोवती फिरवली,
करंगळीपाशी गुदगुल्या झाल्या.
पाय उचलला तर माझ्या पावलाच्या आत
चार मयत माणसं,
त्यातला एक टाय लावून हसत होता.
एकोणचाळीस, बोनिफासने लिहिलं. रुंद.
रुंद या शब्दाखाली रेघ मारली.

कातडी दाखवल्या तीन.
एक काळी, आरशासारखी. मला आवडली.
बाये, दोळ्यांनी न्हय, पांयांनी पळय,
असं म्हणून त्याने ती दुमडली,
आणि घडीवर रंग पापडासारखा तडकला.
दुसरी बरी होती.
तिसरी तपकिरी, भाजलेल्या काजूच्या सालीची,
अंगठा दाबला की सुरकुतायची
आणि सोडला की विसरायची.
तिच्यावर एक ओरखडा होता, बोटभर,
काटेरी तारेचा असावा.
हा आत घालतो, दिसणार नाही, तो म्हणाला.
नको, मी म्हटलं. बाहेर ठेव. डाव्या पायावर.
हद्दीची तार मी ओळखते.

सहा हजार चारशे.
घासाघीस करायला तोंड उघडलं,
तेवढ्यात त्याने तळाची शिवण दाखवली,
मेण लावलेला दोरा, एका इंचात सात टाके,
मी मोजले,
मोजायची सवयच आहे,
आणि तोंड मिटलं.

पाच आठवड्यांनी घालून पाहिले.
त्याच्या दुकानात आरसा गुडघ्यापर्यंतच आहे.
त्यात एक बाई दिसली, नुसती पायांची,
वय नाही, आडनाव नाही,
केसांत पांढरं काही नाही.
ऐटबाज होती, खोटं कशाला बोलू.
मी तिला दोनदा वळून बघायला लावलं.
पहिले पंधरा दिवस चावतील, बोनिफास म्हणाला,
मागीर तुजे जातले.

चावले. अठरा दिवस.

आता जुलै. घरातल्या प्रत्येक चामड्यावर
हिरवी बुरशी धरलीय, पट्ट्यावर, पाकिटावर,
नवऱ्याच्या लग्नातल्या बुटांवर तर शेत.
मी कपाटातला खालचा कप्पा रिकामा केला,
शालू ट्रंकेत गेला,
आणि आत शून्याचा दिवा लावून ठेवला.
रात्री पाणी प्यायला उठले की
दाराच्या फटीतून उजेडाची रेघ दिसते.
उघडून बघते.
अंडी उबवायला ठेवावीत तसे दोघे,
जिभा बाहेर, नाड्या सैल,
डाव्यावर तो ओरखडा.
वाकून हात लावते.
कोमट असतात.