बुडाची नक्षी

रस्ता चौपदरी झाला तेव्हा औशाच्या अलीकडल्या चिंचा पडल्या.
त्यातला एक ओंडका बाबांनी टमटममधून आणला,
दोन वर्षं मोरीच्या भिंतीला टेकवून वाळवला.
यंदा पौषात तो खरादावर चढला.

इरबा कातारी. माझे वडील.
हात कापतो त्यांचा, बशीतला चहा सदऱ्यावर जातो.
पण पटाशी टेकणीवर ठेवली की
कापरं कुठं जातं कळत नाही.
लाकूड फिरतं, हात थांबतो,
आधी पिवळट भुसा, मग गाभा लागला की जांभळा,
भुवयांवर दोन्ही बसतात.

नक्षी माझ्याकडे.
शाळेतली खिचडी उरकून येते, मग बसते.
लाखेची कांडी फिरत्या लाकडाला लावली की घामेजते,
रेघ आपली आपण गोल होते.
चमक काढायला केवड्याचं पान हवं,
ते इथं कुठलं, म्हणून आईच्या लुगड्याचा तुकडा.
तांब्याची तार मात्र फुकट.
रिवायंडिंगच्या दुकानामागं जळालेल्या मोटारींचा ढीग,
त्यातली गुंडाळी आणायची, भाजायची,
काळं खरवडायचं, खाचेत दाबून ठोकायची.

हा वाडगा लातूरच्या दातांच्या डॉक्टरांचा,
दवाखान्यातल्या टीपॉयवर ठेवायला.
'काहीतरी ट्रॅडिशनल करा,' म्हणाले.
मी कागदावर मोर काढले. कुयऱ्या काढल्या.
वेल काढली, ती मलाच आवडली नाही.

आणि शेवटच्या हाताला चीर दिसली.
काठाखाली बोटभर, गाभ्याला लागून, केसाएवढी.
'ही त्या पहाटंची हाय,' बाबा म्हणाले.
मी म्हटलं, झाड आहे, वाळताना तडकतंच.
'त्या पहाटंची.'
आणि खरादाचा पट्टा उतरवून ठेवला.

मन्मथकाका किल्लारीला गेले होते
कुणाच्या पाळण्याचे खुंट बसवायला.
अंधार पडला म्हणून राहिले.
पेटी सापडली. पटाशा सापडल्या.
बाबा एवढंच सांगतात, दर वेळी एवढंच.

डॉक्टर रविवारी आले, चिरेवरून बोट फिरवलं,
आणि मीच बोलून गेले.
'अहो, मग तिथंच तार बसवा की,' म्हणाले,
'भूकंपातलं झाड, खाली चिठ्ठी लावतो. पैसे दुप्पट.'
वाईट माणूस नाही. आईची कवळी त्यानं उधारीवर बसवली होती.
बाबा आत गेले.
रिकाम्या घागरीवर तांब्या आपटल्याचा आवाज आला.

दुप्पट म्हणजे पोरीच्या नर्सिंगचा एक हप्ता.
रात्री मी चिरेच्या मापाची तार कापून ठेवली,
खोटं कशाला सांगू.

सकाळी त्याच चिंचेचा भुसा चाळला,
लाखेत मळला, सुईनं भरला,
घासला, पुन्हा भरला.
'काय करलालीस?' बाबांनी दारातून विचारलं.
काही नाही, म्हटलं.
दुपारपर्यंत नखालाही लागेना.

मग वाडगा उलटा घातला.
बुडाशी, जिथं तो टीपॉयला टेकणार,
तिथं त्या तारेचे तुकडे उभे ठोकले.
ठिपके. काही जवळ, काही लांब.
मोजले नाहीत.
वर काठाला एक तांबडी रेघ, बस.

डॉक्टरांनी चीर शोधली. 'एवढीच नक्षी?'
एवढीच.
पैसे ठरलेले तेवढेच घेतले.

पिशवीत घालण्याआधी बाबांनी वाडगा मागून घेतला,
मांडीवर ठेवून अंगठा काठाखालून फिरवत आणला.
चीर होती तिथं थांबला.
वाटलं, आता विचारतील.
डॉक्टर घड्याळ बघत उभे.
मग उलटा करून एकेक ठिपका चाचपला,
सगळे,
आणि माझ्याकडं न बघता म्हणाले,
'ह्यो एक ढिला हाय. ठोक.'