काळ्या कापडासाठी उजेड

रात्री साडेदहाला शटर अर्धं ओढून
खलफानशेठ म्हणाला, उजेड वाढव,
माझे अबाये दिसत नाहीत.
मी शिडीवर. कमरेला लेन्सची पिशवी,
हललो की बांगड्यांसारखी वाजते.

उजेड वाढवून काळं दिसत नसतं, शेठ.
काळं तो पिऊन टाकतं,
दिपतात ते गिऱ्हाइकाचे डोळे.
हे मी मनात म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, सबर.
अजमानमध्ये नऊ वर्षांत एवढी अरबी पुरली.

कॅटलॉगात नुसते अंश :
दहा, चोवीस, छत्तीस, साठ.
आमच्या पालशेतात त्यांना नावं होती.
कौलाच्या फटीतून चुलीपाशी उतरायचा तो कवडसा,
दाराच्या कडेनं शिरायची ती तिरीप,
आणि लग्नात गॅसबत्ती करायची
तो नुसताच सांडलेला उजेड,
ज्याला त्याला सारखा.

समोरून झोत मारला
तर अबाया म्हणजे भिंतीला पडलेलं भोक.
मग दिवा भिंतीलगत घेतला,
चोवीसची लेन्स,
पुढे मधाच्या पोळ्यासारखी जाळी,
म्हणजे दिवा दिसू नये, कापड दिसावं.
उजेड वरून उतरला, कापडाला जेमतेम चाटत,
आणि एका काळ्याचे तीन काळे झाले :
एक पाण्यानं पुसलेल्या पाटीचा,
एकात हिरवट झाक,
एक जांभळाच्या सालीचा.
क्रेपचा कण न् कण उठला.

शेठनं चष्मा लावला. जवळ गेला.
बाहीवर बोट ठेवलं.
इथे टाका आहे. फाटलेलं शिवलंय.
कुणी?

मी लेन्सकडे बघितलं.
तिला सांगून ठेवलं नव्हतं
काय दाखव आणि काय नको.

अजून बसवतोय शेठ, मी म्हणालो, सावली पडतेय.
चोवीसची काढली, छत्तीसची लावली,
दिवा वीतभर पुढे सरकवला.
टाका बुडाला. जांभूळही बुडालं.
शेठ बराच वेळ बोट तिथेच ठेवून उभा होता.
मग म्हणाला, हे ठीक आहे,
आणि हिशेबाच्या वहीकडे वळला.

मागच्या खोलीत मोतालिब,
सिल्हेटचा, मशीनवर वाकलेला.
डोक्यावर ट्यूब, तीही फडफडणारी,
दर दोन टाक्यांना एक अंधार.
त्यानं मला विचारलं नाही काही.
सगळं ऐकलं असणार, मधे पडदाच तर आहे.

माझ्याकडे साठची एक उरली होती, दुधी.
ती लावून द्यायला गेलो
तर म्हणाला, डावीकडून दे भाई,
उजव्या हाताची सावली सुईवर पडते.

शिडी सरकवली.
एवढं कॅटलॉगात कुठे नसतं.